सायक्लिन डी-१ आधी निगेटिव्ह, आता पॉझिटिव्ह. आबांचा कॅन्सर बदलला का?

केळीचं_खोड | सोमवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. चुकीच्या विभागात धागा काढला असेल तर हलवा, डोकं ठिकाणावर नाही.

आमचे आबा, वय ६८, यावल तालुक्यात केळीची शेती. एप्रिलमध्ये मानेला आणि काखेत गाठी आल्या. दुखत नव्हत्या म्हणून गडी महिनाभर कुणाला बोलला नाही. मायने पाठीला तेल लावताना पाहिलं, तेव्हा घरात कळलं. मे महिन्यात तालुक्याच्या गावी मानेची गाठ काढली, जळगावला तपासायला गेली. रिपोर्टात लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. खाली पेशींवरच्या प्रथिनांचा तक्ता: सीडी-२० पॉझिटिव्ह, सीडी-५ पॉझिटिव्ह, सीडी-२३ अंधुक, सायक्लिन डी-१ निगेटिव्ह. शेवटी 'सीएलएल/एसएलएल असण्याची शक्यता', तो लिम्फोमाचाच एक प्रकार. डॉक्टर म्हणाले, हा सावकाश चालणारा प्रकार आहे, लगेच औषध नको, तीन महिन्यांनी दाखवा. आम्ही मनुदेवीला नारळ फोडून आलो.

जुलैत गाठी लिंबाएवढ्या झाल्या, जेवण अर्ध्यावर आलं. नाशिकला नेलं. त्यांनी काखेतली गाठ काढली आणि आता रिपोर्ट म्हणतो मॅन्टल सेल लिम्फोमा, म्हणजे दुसराच प्रकार. सायक्लिन डी-१ पॉझिटिव्ह, केआय-६७ २० टक्के.

दोन महिन्यांत निगेटिव्हचं पॉझिटिव्ह कसं झालं? आम्ही थांबलो म्हणून साधा कॅन्सर वाईट झाला का? आणि २० टक्के म्हणजे अंगात २० टक्के पसरलाय असंच ना? मोठ्या भावाने तर मायला तसंच सांगून टाकलंय. कालपासून ती चुलीपाशी गप्प बसून आहे.

तापीकाठ | सोमवार, रात्री १०:३१

आधी मायला जाऊन सांग की २० टक्क्यांचा आणि पसरण्याचा काही संबंध नाही. आत्ताच जा. बाकीचं नंतर वाच.

केआय-६७ हे पेशीतलं एक प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या रहाटगाडग्यात असेल तर ते दिसतं, स्वस्थ बसलेली असेल तर दिसत नाही. म्हणजे त्या गाठीतल्या १०० पेशींपैकी २० कामाला लागलेल्या होत्या, इतकंच. माझ्या बायकोच्या स्तनाच्या रिपोर्टात हा आकडा होता, तेव्हा मी पण असाच रात्रभर जागलो होतो.

खापरनी_पोयी | सोमवार, रात्री १०:४०

भाऊ, घाबरू नको. बठ्ठं चांगलं व्हई.

सातपुडा_वारा | सोमवार, रात्री ११:०२

ह्या टेस्टा म्हणजे पैसे काढायचे धंदे. एक निगेटिव्ह सांगतो, दुसरा पॉझिटिव्ह. आमच्याकडे पालजवळ एक जण झाडपाला देतो, तीन पुड्यांत गाठ बसते. नंबर हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

तापीकाठ | सोमवार, रात्री ११:०६

नको. आणि इथे टाकूही नका.

स्लाईडवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

केळीभाऊ, मी धुळ्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. १४ वर्षं झाली, गाठी कापणं आणि काचेवर रंगवणं हेच काम. निदान सांगणं पॅथॉलॉजिस्टचं काम, त्यात मी पडत नाही. फक्त एक विचारतो. मेमधली गाठ लॅबपर्यंत कोणी नेली, कशात नेली, आणि किती वेळाने पोचली?

केळीचं_खोड | मंगळवार, सकाळी ८:४८

चुलतभाऊ घेऊन गेला होता, पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीत. बाकी त्याला विचारावं लागेल. पण प्रश्न पेशींचा आहे, बरणीचा काय संबंध?

स्लाईडवाला | मंगळवार, दुपारी १:२०

डबा खाऊन लिहितोय, लांबेल.

तुमच्या तक्त्यातलं प्रत्येक नाव म्हणजे एक प्रथिन, आणि ते शोधायला वापरलेली एक अँटिबॉडी. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू. आपलं शरीर जंतूंसाठी बनवतं, तोच प्रकार, फक्त हा कारखान्यात बनतो आणि बाटलीतून येतो. आमच्याकडे फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतो. वीज गेली की आधी तो फ्रिज बघायला पळतो.

गाठ फॉर्मॅलिनमध्ये पक्की झाली की मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढून काचेवर घेतो. फॉर्मॅलिनने प्रथिनं एकमेकांत जखडलेली असतात, म्हणून पापुद्रा गरम बफरमध्ये उकळून ती मोकळी करावी लागतात. मग अँटिबॉडी टाकायची. ती आपल्या प्रथिनाला धरून बसते. तिच्यावर दुसरी, एन्झाइम लावलेली. शेवटी डीएबी नावाचं रसायन. जिथे अँटिबॉडी बसली तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकी सगळं फिकट निळं. सायक्लिन डी-१ पेशीच्या केंद्रकात काम करतं, म्हणून केंद्रकच तपकिरी व्हायला हवं. आजूबाजूला नुसता पिवळट धुरळा दिसला तर त्याला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

आता निगेटिव्हचं सांगतो. काच निळीच राहिली तर तीन कारणं संभवतात. प्रथिन नव्हतंच, किंवा होतं पण आमच्यापर्यंत येईतो सडून गेलं, किंवा आमचं रंगवणंच फसलं. नुसत्या निळ्या काचेवरून हे कळत नाही. म्हणून कंट्रोल लागतो.

आम्ही प्रत्येक खेपेला एका ओळखीच्या मॅन्टल सेल गाठीचा पापुद्रा सोबत रंगवतो. तो तपकिरी झाला की अँटिबॉडी, बफर, मशीन ठीक. पण त्याने तुमच्या गाठीची हमी मिळत नाही, ती गाठ दुसऱ्याची आहे. तुमच्या गाठीचा साक्षीदार तुमच्याच गाठीत असतो: बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी. निरोगी माणसातही त्यांच्या केंद्रकात थोडं सायक्लिन डी-१ असतं. त्या तपकिरी आणि बाकीच्या पेशी निळ्या, तर निगेटिव्ह खरं. त्याही निळ्या असतील तर तो निगेटिव्ह नाही. ती काच वाचताच येत नाही.

म्हणून बरणीचं विचारलं.

पांझरेचं_पाणी | मंगळवार, दुपारी ३:०५

अप्रतिम लिहिलंय जिभाऊ. मला एक विचारायचंय. मुळात ह्या सायक्लिनचं काम काय? आणि तेवढ्याने कॅन्सरचं नाव कसं बदलतं?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सायंकाळी ६:५०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट पाहिलेला नाही, स्लाईड पाहिलेली नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

पेशीने दोन व्हायचं ठरवलं की तिला टप्प्याटप्प्याने पुढे जावं लागतं. डीएनएची नक्कल सुरू करण्याआधी एक दार आहे, ते आरबी नावाचं प्रथिन बंद ठेवतं. बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की सायक्लिन डी-१ तयार होतं, सीडीके-४ किंवा सीडीके-६ या एन्झाइमशी जोडी जमवतं, आणि ही जोडी आरबीला निकामी करते. दार उघडतं. काम झालं की सायक्लिन मोडून टाकलं जातं. हे येणं-जाणं पहिल्यांदा टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळिंदराच्या, म्हणजे सी अर्चिनच्या अंड्यांत दिसलं, म्हणून नाव सायक्लिन. २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि हंट यांना ह्याच विषयाला मिळालं. डी-१ मात्र नंतरचं, १९९१ मध्ये पॅराथायरॉइडच्या गाठीच्या अभ्यासातून हाती लागलं.

आपल्या निरोगी बी लिम्फोसाइट पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, ह्यांचाच हा कॅन्सर) सायक्लिन डी-१ वापरतच नाहीत, त्यांचं डी-२, डी-३ वर भागतं. त्यामुळे बी पेशींच्या गाठीत केंद्रकं भरभरून तपकिरी दिसली की ते गंभीर घ्यावं लागतं. मॅन्टल सेलमध्ये ११ आणि १४ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. डी-१ चं जनुक ११ वर राहतं. ते जाऊन १४ वर, अँटिबॉडी बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी बसतं. बी पेशीचा धंदाच अँटिबॉडी बनवण्याचा, तिथलं बटण कायम चालू. शेजाऱ्याचं बटण चालू म्हणून डी-१ पण रात्रंदिवस बनत राहतं. ज्या बटणाने अँटिबॉडी बनायची त्याने घोळ घातला, आणि तो आपण पकडतो पुन्हा अँटिबॉडीनेच. मला एम.डी.ला असताना ह्याची फार गंमत वाटायची.

सीएलएल आणि मॅन्टल दोन्हीत सीडी-५ पॉझिटिव्ह येतं, दोन्हीत लहान लहान पेशी दिसतात. सीडी-२३ सीएलएलमध्ये बहुधा असतं, मॅन्टलमध्ये बहुधा नसतं, पण 'अंधुक' म्हटलं की वाद सुरू. म्हणून सायक्लिन डी-१ वर भिस्त. एक कॅन्सर दोन महिन्यांत दुसरा झाला, असं मी तरी म्हणणार नाही. ही अदलाबदल गाठ जन्मतानाच झालेली असते. मेमध्येही तीच असणार.

पांझरेचं_पाणी | मंगळवार, रात्री ८:१२

म्हणजे आमच्या साक्रीकडच्या फडासारखं झालं. बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीने, पाटकरी येतो, दार उघडतो, त्या फडाचं भरणं झालं की बंद करून पुढे जातो. इथे पाटकरी बंधाऱ्यावरच मुक्कामाला बसलाय.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ८:३०

चालेल. फक्त पाटकरी एकटा नाही, सीडीके सोबत हवाच. आणि दारं पुढे अजून आहेत. पण चालेल.

खापरनी_पोयी | मंगळवार, रात्री ८:३४

पांझरेवर आता फड राहिलेत किती तेही सांगा. सगळ्यांनी बोअर मारलेत.

पांझरेचं_पाणी | मंगळवार, रात्री ८:४१

ताई, त्याचा वेगळा धागा काढू. इथे नको.

केळीचं_खोड | बुधवार, सकाळी ६:२०

रात्री चुलतभावाला फोन लावला. आधी 'व्यवस्थित दिली होती' म्हणाला. मग खोदून विचारलं.

गाठ काढली शनिवारी दुपारी. दवाखान्यातल्या माणसाने बरणीत सलाईनच्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं. भाऊ मोटारसायकलने निघाला. लॅब शनिवारी दुपारनंतर बंद, रविवार सुट्टी. लग्नाची तिथी दाट होती, साल्याची हळद होती त्या दिवशी. बरणी डिक्कीत. रात्री आठवण झाली तेव्हा काढून घरात ठेवली. सोमवारी सकाळी अकराला लॅबमध्ये दिली. मे महिन्यातला आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको.

तो रडत होता फोनवर. मी काही बोललो नाही. मला तरी काय माहीत होतं, मी असतो तर मी पण हळदीला गेलोच असतो.

स्लाईडवाला | बुधवार, सकाळी ७:०२

भावाला काही बोलू नका. बरणी हातात देणाऱ्याने 'लगेच पोचवा, हे बिघडतं' एवढं सांगायला हवं होतं. आमच्याकडेही अशा बरण्या येतात, झाकण उघडलं की वासानेच कळतं. अंगातून काढलेली गाठ म्हणजे तोडलेला केळीचा घड नाही, पिकत ठेवून चालत नाही. पेशी स्वतःच स्वतःला पचवायला लागतात. सलाईनने ते थांबत नाही, फॉर्मॅलिनने थांबतं.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी २:४५

एक भर घालतो, नाहीतर त्या दवाखान्यातल्या माणसावर अन्याय होईल. लिम्फ नोड कधी कधी मुद्दाम सलाईनमध्ये ताजा मागवतात, फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीसाठी, कारण तिला जिवंत पेशी लागतात. पण तेव्हा लॅबला आधी फोन केलेला असतो आणि नमुना लगेच पोचवायचा असतो. शनिवार ते सोमवार नाही. कुणीतरी अर्धंच ऐकलं असावं.

पण अजून निष्कर्ष काढू नका. हा आपला तर्क आहे. जुन्या लॅबमधून मेचा ब्लॉक आणि स्लाईडी मागा. त्या पेशंटच्या मालकीच्या समजल्या जातात, दुसऱ्या मतासाठी सही घेऊन देतात. नाशिकच्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. रक्तवाहिन्या रंगल्यात का, एवढं त्यांना विचारा. आणि फिश तपासणी झाली नसेल तर तेही विचारा, त्यात गुणसूत्रांची अदलाबदल थेट दिसते.

सातपुडा_वारा | बुधवार, दुपारी ३:३०

म्हणजे मी म्हणत होतो तेच ना. टेस्ट चुकली.

तापीकाठ | बुधवार, दुपारी ३:३८

टेस्ट चुकली नाही, नासका नमुना दिला. तुम्ही कुजलेली वांगी देऊन भरीत बिघडलं म्हणणार.

नंदुरबारची_मिरची | बुधवार, रात्री ९:५५

मी स्तनाच्या कॅन्सरची पेशंट, चार वर्षं झाली. कुतूहल म्हणून विचारते. मी पाल्बोसिक्लिब घेते, डॉक्टरांनी सांगितलं होतं ती सीडीके-४ आणि ६ ला अडवते. म्हणजे ह्याच दाराची गोळी का? मग माझी सायक्लिन डी-१ ची टेस्ट का केली नाही?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री १०:२०

हो ताई, त्याच दाराची. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सायक्लिन डी-१ पुष्कळांत वाढलेलं असतं, पण त्याच्या कमी-जास्तीवरून गोळी कुणाला लागू पडेल हे नीट ठरत नाही, असं दिसून आलं. म्हणून तिथे हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ बघून ठरवतात. तीच अँटिबॉडी, तेच प्रथिन, पण लिम्फोमात ती निदानाचा कणा आणि स्तनात जवळपास बिनकामाची. आणखी गुंता सांगतो: हेअरी सेल ल्युकेमिया आणि काही मायलोमा, ह्या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरांतही डी-१ दिसतं, आणि थोडे मॅन्टल असे की त्यांत डी-१ नसतंच, तिथे सॉक्स-११ नावाची दुसरी अँटिबॉडी लावावी लागते. एका डागावर कुणी निदान करत नाही.

नंदुरबारची_मिरची | बुधवार, रात्री १०:२६

धन्यवाद. २०२३ ला पेटंट संपलं आणि जेनेरिक आल्या तेव्हापासून ती गोळी परवडते मला, त्याआधी दागिने मोडले होते.

स्लाईडवाला | गुरुवार, दुपारी १:१०

अँटिबॉडीच्या बाटलीबद्दल एक सांगायचं राहिलं. आमचे जुने साहेब सांगायचे, पूर्वी सायक्लिन डी-१ ची उंदराची अँटिबॉडी होती, तिचा रंग इतका फिका यायचा की तीच काच तीनदा रंगवायचे. नंतर सशापासून काढलेली मोनोक्लोनल आली, एसपी-४ नावाची, आणि रक्तवाहिन्यासुद्धा लख्ख दिसायला लागल्या. माझ्या हातात ती आयतीच आली.

आणि केआय-६७ ला ते नाव का, हे मला परवाच कळलं. त्या प्रथिनाला धरणारी अँटिबॉडी जर्मनीतल्या कील गावात १९८३ ला शोधली, आणि ट्रेमधल्या ६७ नंबरच्या खळग्यात सापडली. मी इतकी वर्षं समजत होतो की काहीतरी मोठं शास्त्रीय नाव असेल.

केळीचं_खोड | पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

उशीर झाला, सगळ्यांची माफी.

जुन्या लॅबने ब्लॉक दिला, कुरकुर केली नाही. नाशिकच्या मॅडमनी मेच्या स्लाईडी पाहिल्या आणि मला मायक्रोस्कोपमधून दाखवल्या. माझ्यासाठी दोन्ही काचा एकामागून एक लावल्या. काखेच्या गाठीची काच मेंदीचे ठिपके टाकल्यासारखी तपकिरी, मध्ये रक्तवाहिनीची वळणदार रेघ, तीही तपकिरी. मेची काच पूर्ण निळी. मॅडमनी पेन्सिलने दाखवलं, ही बघा रक्तवाहिनी. ती पण निळी. म्हणाल्या, 'ही निगेटिव्ह नाही, ही न झालेली टेस्ट आहे.' स्लाईडवाले भाऊ, अगदी तुमचंच वाक्य.

फिशमध्ये ११-१४ ची अदलाबदल निघाली. म्हणजे मॅन्टलच. केआय-६७ ३० च्या खाली आहे ते बरं, असं त्या म्हणाल्या. ३० च्या वर गेलं की हा आजार जास्त जोर करतो. पेट स्कॅन आणि बोन मॅरो झाली. पुढच्या आठवड्यापासून बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब ही दोन औषधं, २८ दिवसांनी एक अशी सहा आवर्तनं. रिटुक्सिमॅब पण अँटिबॉडीच आहे म्हणे, सीडी-२० वर बसणारी. एकीने ओळखलं, दुसरी मारणार.

दोन महिने गेले त्याने किती फरक पडला, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, काही मॅन्टलवाल्यांना आम्हीच थांबवून ठेवतो, पण आबा त्यांतले नाहीत. एवढंच बोलल्या. मी पुढे विचारलं नाही.

मायला २० टक्क्यांचं समजावलं. तिला पटलंय की नाही माहीत नाही, पण काल तिने कळण्याची भाकरी केली आणि आबांनी दीड खाल्ली.

खापरनी_पोयी | पुढचा मंगळवार, रात्री ९:४४

दीड म्हणजे चांगलं लक्षण शे भाऊ.

तापीकाठ | पुढचा मंगळवार, रात्री १०:०१

जनआरोग्य योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेव. आणि पुढे मुंबईला जायची वेळ आली तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घे. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. आम्ही तीन वर्षं विदर्भ एक्सप्रेसने तसंच गेलो.

चोपडा_चौफुली | बुधवार, सकाळी ६:५५

पहिल्यांदाच लिहितेय, रात्री पूर्ण धागा वाचला. उद्या सकाळी माझ्या आईच्या मानेची गाठ काढणार आहेत. सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, गाठ हलली नाही. बरणी मीच जळगावला नेणार आहे. काय बघू?

स्लाईडवाला | बुधवार, सकाळी ७:०८

आज दुपारीच लॅबला फोन करा, ताजी हवी की फॉर्मॅलिनमध्ये, आणि किती वाजेपर्यंत घेतात. फॉर्मॅलिन म्हणाले तर १० टक्के न्यूट्रल बफर्ड. गाठीच्या निदान दहापट भरलेलं, गाठ त्यात मोकळी तरंगली पाहिजे, बरणीच्या तोंडात अडकली नाही पाहिजे. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, म्हणून मोठी गाठ असेल तर डॉक्टरांना मधोमध काप द्यायचा का विचारा, तुम्ही स्वतः काही कापू नका. बर्फावर ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. गाठ काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहून घ्या.

चोपडा_चौफुली | बुधवार, सकाळी ७:११

आणि आईचं नाव झाकणावर लिहू ना?

स्लाईडवाला | बुधवार, सकाळी ७:१२

झाकणावर नको, बरणीच्या अंगावर. झाकणं बदलतात.